दोन छोटे जनरेटर जोडायचे की एकच मोठा घ्यायचा?

दोन २००० वॅटचे इन्व्हर्टर जनरेटर (बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे, इलेक्ट्रॉनिक्सने स्थिर वीज देणारे पेट्रोल जनरेटर) पॅरलल केबलने, म्हणजे दोघांची वीज एकत्र करणाऱ्या वायरने, जोडले की व्होल्टेज तेवढंच राहतं, फक्त अँपिअर, म्हणजे मिळणारा करंट, वाढतात, पण दोन्ही मॉडेल एकमेकांशी जुळणारी हवीत, कुठलीही दोन जोडून चालत नाही. वजनात छोटे सरळ जिंकतात, एकेक साधारण वीस-बावीस किलो, एका हाताने उचलून गाडीत टाका, मोठ्याला मात्र चाकं नाहीतर दुसरा माणूस लागतोच. पेट्रोलचं म्हणाल तर रात्री नुसता फ्रिज आणि पंखा चालवायचा असेल तर एक बंद ठेवता येतो, आणि एक रुसला तरी दुसरा आहेच. कटकट एवढीच की दोन इंजिनं म्हणजे ऑइल, प्लग सगळं डबल, टाक्याही छोट्या. विहिरीचा पंप किंवा एसी रोज चालवायचाय तर मोठाच घ्या, अधूनमधून लाईट जाते त्यांना दोन छोटे बरे. काहीही घेतलं तरी चालवायचं घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून लांब.