खारपाणपट्ट्यातली दालमिल आणि सोलरचा मोडलेला करार

अमरावतीच्या ज्या सोलरवाल्यांनी आम्हाला जुन्या करारातून मोकळं केलं, त्यांना पाचपैकी चार स्टार.

आमची तुरीची दालमिल दर्यापूर तालुक्यात, हिशेब माझ्याकडे. सासऱ्यांनी २०१९ मध्ये मिलच्या टिनावर ६० किलोवॅटचं सोलर बसवून घेतलं, खिशातला रुपया न घालता. पॅनल कंपनीचे, छत आमचं, बनतील तितक्या युनिटचे पैसे द्यायचे, करार २५ वर्षांचा. सुरुवातीला महावितरणपेक्षा स्वस्तच पडलं, खोटं कशाला बोलू. पण दर वर्षाला दर वाढणार होता, आणि त्याहून वाईट म्हणजे डीम्ड जनरेशनचं कलम, म्हणजे न बनलेली वीजही बनली असं धरायचं. लाइन गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवासाठी ते लागतंच. पण उन्हाळ्यात आमच्याकडे लाइन किती वेळा जाते! मिलही बंद, सोलरही बंद, आणि ‘बनले असते’ त्या युनिटांचं बिल मात्र चालू.

त्यात इथलं पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी ढोरंसुद्धा नाक मुरडून पितात. कंपनीची पोरं त्याच बोअरला पाइप लावून पॅनल धुवायची. दुपारपर्यंत काचेवर पांढरा थर. वरून मिलमधला तुरीचा भुसा त्यावर चिकटायचा. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले तर २४० मिळायला पाहिजेत, आमचे दीडशेच्या घरात. तक्रार केली की हेड ऑफिसचं उत्तर ठरलेलं: “मॅडम, तुमच्याकडे हीट फार आहे.” पॅनल तापलं की वीज कमी बनते, कबूल. पण जानेवारीत कुठली हीट?

अमरावतीच्या माणसाने आल्या आल्या छत नाही, करार मागितला. चहा थंड होईपर्यंत वाचत बसला आणि शेवटच्या परिशिष्टातला तक्ता काढून दाखवला: कोणत्या वर्षी कितीला पॅनल विकत घेता येतात, दर वर्षी उतरती किंमत. कंपनी तोंडी सांगत होती तो आकडा याहून बराच मोठा होता. पॅनल कंपनीच्या कर्जापोटी बँकेकडे तारण आहेत, हेही त्यानेच हुडकलं. “बँकेची एनओसी हातात आल्याबिगर एक पैसा देऊ नका, वहिनी.” एनओसी यायला कंपनीने रडवलं, पण आली, आणि पॅनल आमचे झाले. नेट मीटरिंगचा, म्हणजे जास्तीची वीज महावितरणला देऊन बिलातून वळती करायचा, करार मिलच्याच नावावर होता आणि क्षमता वाढवायची नव्हती, त्यामुळे मीटरला हात लावायचं काम पडलं नाही. (गावातले विचारतात, सबसिडी किती भेटली? पीएम सूर्यघरची सबसिडी घरगुती कनेक्शनला आहे, मिलला नाही.)

काम पावसाळ्यात केलं, मिल बंद असते तेव्हा. टिनावर चढून त्याच्या पोराने एक कनेक्टर खाली आणून माझ्या हातावर ठेवला. दोन वेगवेगळ्या मेकचे तुकडे एकमेकांत कोंबलेले, मधलं प्लास्टिक वितळून वाकडं झालेलं. खाली बारदान्याची थप्पी, ठिणगी पडली असती तर? तसे सगळे बदलले. जुन्या स्क्रूची भोकं बुजवली, नाहीतर दर पावसात पोत्यांवर ताडपत्री टाकावी लागायची. काही पॅनल तडकलेले होते. ३२५ वॅटचे आता बाजारात मिळत नाहीत, आणि नवे ५४० वाले त्यांच्याच लाइनमध्ये जोडून चालत नाही. म्हणून खराब काढून जोडणी नव्याने बसवली. इन्व्हर्टर नवा घेतला, तो खर्च मोठा आहे. आता २२० च्या पुढे युनिट दिसतात.

स्टार कापला तो पाण्यासाठी. “या पाण्यानं धुतले तं काच आंधळी होते,” असं तोच म्हणाला आणि गोड्या पाण्याचा टँकर आणायला लागला. बरोबर आहे. पण वार्षिक देखभालीच्या कोटेशनमध्ये टँकरचं भाडं कुठेच नव्हतं, पहिल्या बिलात एकदम दिसलं. भांडून अर्धं कमी करून घेतलं. तुमच्याकडचं पाणी खारं असेल तर ही ओळ आधीच लिहून घ्या. आणि रविवारी फोन उचलत नाहीत.