नाइट ड्युटीवालीच्या मनगटावर चार महिने

मी आयसीयूत स्टाफ नर्स. महिन्यातल्या दहा रात्री नाइट. साडेतीन हजारांचा फिटनेस बँड घेतला तो झोप मोजायलाच. वॉर्डात मनगट मोकळं लागतं, म्हणून ड्युटीभर तो लॉकरमध्ये. घरी आल्यावर झोपताना घालते.

मागचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्तप्रवाहातले चढउतार टिपतो, त्यावरून नाडी. एरवी झोपेत माझे ठोके ५८. सलग तिसऱ्या नाइटनंतर ६७! दोन ठोक्यांमधल्या अंतरातला फरक, म्हणजे एचआरव्ही, ४६ वरून २९ मिलिसेकंदांवर आला; शरीर थकलं की तो सहसा घटतो. अंग जड वाटतंच, पण आकडा दिसला आणि पटलं. तेव्हापासून तिसऱ्या नाइटला स्कूटी घरी, येणं-जाणं बसने. १७ तास जागं राहिलं की कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, हे १९९७ सालीच प्रयोगात दिसलंय.

‘गाढ झोपे’च्या मिनिटांवर मात्र विसंबू नका. ती नीट मोजायला डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. बँड फक्त अंदाज बांधतो. सोफ्यावर पडून मोबाइल बघत होते, तेही त्याने झोपेत धरलं. दुपारची झोप तर कधीकधी नोंदतच नाही, आणि आम्हा नाइटवाल्यांची खरी झोप तीच. चार्जिंग आठ दिवस पुरतं.