‘ऑरोरा’ वाचून काही महिने उलटल्यानंतर

किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची ‘ऑरोरा’ ही २०१५ सालची इंग्रजी कादंबरी मी गेल्या पावसाळ्यात वाचली आणि हिवाळ्यात पुन्हा वाचली. विज्ञानकथा वाचून कुतूहल चाळवते, गलबलून सहसा येत नाही; येथे मात्र ते आले, आणि तेही बिघाड-दुरुस्तीच्या वर्णनांनी.

सुमारे दोन हजार माणसांना घेऊन एक यान जवळपास बारा प्रकाशवर्षे दूर असलेल्या टाऊ सेटी या ताऱ्याकडे निघाले आहे. प्रकाशाच्या एक दशांश वेगानेही या प्रवासाला शंभराहून अधिक वर्षे लागतात. म्हणजे निघालेल्यांपैकी पोहोचणारा कुणी नाही आणि पोहोचणाऱ्यांपैकी निघायचे ठरवणारा कुणी नाही. यानाच्या बंदिस्त जगात स्फुरद (फॉस्फरस) कुठे अडकून बसला, क्षार कुठे साचले, याचा हिशेब जुळवण्यात डेव्ही नावाची अभियंता आयुष्य झिजवते. हे निव्वळ कल्पनारंजन नव्हे. ॲरिझोनातल्या ‘बायोस्फिअर २’ या बंदिस्त वास्तूत १९९१ ते १९९३ या काळात आठ माणसे राहिली, तेव्हा हवेतला प्राणवायू सुमारे २१ टक्क्यांवरून साधारण १४ टक्क्यांपर्यंत उतरला. मातीतले जीवाणू तो वापरत होते आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वनस्पतींना मिळण्याऐवजी बांधकामातले काँक्रीट शोषून घेत होते. अखेर प्राणवायू बाहेरून पुरवावा लागला. डेव्हीच्या यानाला ‘बाहेर’च नाही.

आपल्याला न विचारता आपला जन्म येथे ठरवून टाकला, हा तिचा संताप इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या मला परका वाटला नाही. होळकरांच्या पदरी चाकरीला म्हणून माळव्यात आलेल्यांनी पुढच्या पिढ्यांना कुठे विचारले होते? आता आमच्याकडची मुले आजीच्या मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देतात, आणि आजीही पुढचे वाक्य हिंदीतच बोलते. दुसऱ्या वाचनात मात्र हे साम्य जिथे तुटते ती जागा अधिक महत्त्वाची वाटली. माणूस आजवर स्थलांतर करतच आला, तसाच उद्या ताऱ्यांवरही जाईल, असे परग्रहवस्तीचे समर्थक सांगतात. पण आमचे पूर्वज आले तेव्हा माळव्यात काळी जमीन होती, नद्या होत्या, पीक काढणारी माणसे होती. श्वास घ्यायची हवा त्यांना तयार करावी लागली नव्हती.

कथन यानाचा संगणक करतो. आरंभी तो कमालीचा रुक्ष आहे, त्यामुळे पहिली शंभरेक पाने नेटाने वाचावी लागतात (मी मध्येच दोनदा दिवाळी अंकांकडे वळलो). पुढे मात्र त्याच्याच काळजीने जीव कासावीस होतो. शेवटचा समुद्रकिनाऱ्यावरचा भाग फार लांबला आहे. डेव्ही, तिची मुलगी फ्रेया आणि हे यान सोडले तर बाकीची पात्रे इतकी पुसट आहेत की त्यांची नावेही आता मला आठवत नाहीत.