‘बोर्ड जळलाय’ सांगून बावीस हजार उकळले: डक्टचा एसी असणाऱ्यांनी जरूर वाचा

चवथ तोंडावर आली की गोव्यातलं प्रत्येक घर रंगरंगोटी, साफसफाई आणि दुरुस्तीच्या मागे लागलेलं असतं. नेमकं तेच दिवस साधून लोकांना गाठणारी एक टोळी सध्या फिरते आहे. आमच्या म्हापशाच्या घरी एसी दुरुस्तीच्या नावाखाली सासूबाईंकडून बावीस हजार रुपये नेले. बिघाड एका बारीक केबलचा होता आणि तो तीनशे रुपयांच्या आत निघाला. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण घरात एकट्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला इतक्या थंडपणे लुबाडलं याचा संताप जास्त आहे. म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

आमच्या हॉलमध्ये डक्टचा, म्हणजे छतातल्या पत्र्याच्या बोगद्यातून गार हवा सोडणारा एसी आहे. मशीन फॉल्स सीलिंगच्या वर, बाहेरचं युनिट गच्चीवर आणि भिंतीवर छोटा थर्मोस्टॅट, तापमान ठरवायचा डबा. थर्मोस्टॅटपासून मशीनमधल्या बोर्डापर्यंत, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सर्किटच्या पाटीपर्यंत, पाच तारांची एक केबल भिंतीतून गेलेली आहे. बोर्डाजवळचा ट्रान्सफॉर्मर घरच्या २३० व्होल्टचे २४ व्होल्ट करतो. तारा जोडायच्या जागांना टर्मिनल म्हणतात आणि प्रत्येकावर एक इंग्रजी अक्षर असतं. ‘आर’वर हे २४ व्होल्ट येतात, ‘सी’ ही परतीची तार, ‘जी’ पंख्याची आणि ‘वाय’ बाहेरच्या कॉम्प्रेसरची. ‘डब्ल्यू’ हीटिंगसाठी असते, तिचं गोव्यात काय काम? खोली गरम झाली की थर्मोस्टॅट आरला वाय आणि जी जोडतो, थंड झाली की सोडतो. मुळात तो एक शहाणा स्विच आहे, एवढंच. तारांच्या रंगांवर मात्र कधी जाऊ नये. बसवणारा हाताला येईल त्या रंगाची तार लावतो, टर्मिनलवरचं अक्षर तेवढं खरं. माझा धाकटा भाऊ कळंगुटला एका हॉटेलात मेंटेनन्सला आहे. एसी बसवला तेव्हा त्याने बोर्डाच्या कडेला पांढरी टेप चिकटवून कुठली तार कुठे आहे ते निळ्या मार्करने लिहून ठेवलं होतं.

रंगकाम आटोपलं आणि दुसऱ्या दिवशी थर्मोस्टॅटचा स्क्रीन कोरा. मशीन ढिम्म. आम्ही दोघं नोकरीला पणजीला, घरी सासूबाई एकट्या. त्यांनी नेटवर सर्वांत वर दिसणाऱ्या नंबरला फोन लावला. पलीकडच्याने ‘कंपनीचंच सेंटर’ म्हणून सांगितलं. तासाभरात दोघे हजर. एकाने सीलिंगचं झाकण काढून आत बॅटरी मारली आणि लगेच निदान केलं, “आजी, बोर्ड पुरा जळलाय. तुमच्या गोव्याच्या खाऱ्या हवेनं खाल्लाय बघा.” खारी हवा इथे पत्रे, नळ, ग्रिल सगळं खाते हे सासूबाई जन्मभर बघत आल्या आहेत. थाप अशीच मारतात, ऐकणाऱ्याला आधीपासून खरी वाटणारी.

मग दुसरा गच्चीवर गेला. बाहेरच्या युनिटला गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं मीटर लावून सासूबाईंना वर बोलावलं आणि काटा दाखवला, “गॅसपण उतरलाय.” इथे प्रत्येकाने थांबून ऐकावं. मशीन बंद असताना गेजवर दिसणारा दाब मुख्यतः हवेच्या तापमानावर ठरतो. आत द्रवरूप गॅस थोडा असो की भरपूर, काटा जवळपास तिथेच राहतो. गॅस पुरेसा आहे की नाही हे पाहायचं तर कॉम्प्रेसर काही वेळ चालायला हवा. आमचा कॉम्प्रेसर तर त्या दिवशी सुरूच झालेला नव्हता. शिवाय एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता जो नुसता गॅस भरतो तो तुम्हाला परत गाठणार.

बोर्ड काढून नेला. दुसऱ्या दिवशी फोमच्या पिशवीत गुंडाळलेला ‘नवा’ बोर्ड घेऊन आले आणि बसवला. बोर्डाचे साडेचौदा हजार, गॅसचे चार हजार आणि ‘थर्मोस्टॅटपण गेलाय, मागवावा लागेल’ म्हणून साडेतीन हजार ॲडव्हान्स. बिल नाही, ‘कंपनी ईमेल करील’. पैसे एका खाजगी माणसाच्या नावावर यूपीआयने. जुना बोर्ड मागितला तर म्हणे ‘कंपनीत जमा करावा लागतो’. एसी मात्र सुरू झाला होता, भिंतीवरचा स्क्रीन कोरा असूनही. “बघा आजी, कसा गारेगार!”

गारेगार होणारच होता. तो बंदच होत नव्हता. भिंतीवरून बंद करायची सोय नाही, पहाटेपर्यंत हॉलमध्ये हुडहुडी भरली आणि सकाळी नव्या रंगाच्या भिंतीवरून पाण्याचे ओघळ. वर मशीनमधल्या हवा गार करणाऱ्या कॉइलवर बर्फ जमून तो वितळत होता. एमसीबी पाडला आणि भावाला फोन केला.

भाऊ शिडीवर चढला, झाकण काढलं आणि मला वर बोलावलं. “ताई, हे वाच.” बोर्डाच्या कडेला तीच पांढरी टेप, एक कोपरा सुटलेला, आणि तिच्यावर निळ्या मार्करने त्याच्याच वाकड्या अक्षरात ‘डब्ल्यू रिकामी’. साडेचौदा हजारांचा नवा बोर्ड म्हणजे आमचाच बोर्ड, ब्रश मारून चकचकीत केलेला. शेजारी लाल तारेचा बोटभर तुकडा आरवरून थेट वाय आणि जीला जोडलेला, थर्मोस्टॅटची आर सोडून टेपने बांधलेली. म्हणजे थर्मोस्टॅटला बगल देऊन मशीन कायमचं चालू करून ठेवलेलं. हे ज्याला करता येतं त्याला बिघाड कुठे आहे हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच मी याला अडाणीपणा म्हणत नाही, चोरी म्हणते.

मग त्याने मीटर काढला. केबलच्या तारा दोन्ही टोकांना सोडवून आर आणि सीवर मीटर धरला तर बीप वाजली. दोन्ही तारा मध्ये कुठेतरी एकमेकींना चिकटल्या होत्या. कुठे, ते भिंतीनेच सांगितलं. रंगकाम झाल्यावर चवथीच्या रोषणाईच्या माळेसाठी थर्मोस्टॅटच्या वर वीतभर अंतरावर खिळा मारला होता. तो उपटला, तर केबलचं आवरण फाटून आत तांबं चकाकत होतं. शॉर्ट झाला की बोर्डावरचा तीन अँपिअरचा फ्यूज उडतो, तो त्यासाठीच असतो. गाडीत असतो तसलाच, विजेच्या दुकानात सहज मिळणारा. तो गेला, २४ व्होल्ट गेले, स्क्रीन कोरा. फ्यूज त्या दोघांनी गुपचूप बदललाच होता, नाहीतर लाल तुकड्यावर मशीन चाललंच नसतं. भावाने जुन्याच पाइपातून नवी केबल ओढली, लाल तुकडा काढला, थर्मोस्टॅटची आर परत जोडली आणि थर्मोस्टॅट उजळला. ‘गेलेला’ थर्मोस्टॅट आजही तोच चालतो आहे.

स्क्रीन कोरा होण्याचं आणखी एक कारण आपल्याकडे पावसाळ्यात फार दिसतं. हवेत ओल इतकी की मशीनमधून पाणी भरपूर निघतं, निचऱ्याच्या पाइपात शेवाळ साचतं, मशीनखालचा पाण्याचा ट्रे भरतो. काही मशीनमध्ये ट्रेला तरंगता स्विच असतो, तो पाणी चढल्यावर २४ व्होल्ट तोडतो. पाइप साफ केला की काम होतं, तिथेही ‘बोर्ड जळला’ सांगणारे आहेत. स्क्रीन चालू आहे पण बाहेरचं युनिट सुरू होत नाही, तर तिथल्या कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसरला वीज जोडणाऱ्या स्विचमध्ये, मुंग्या नाहीतर पाल अडकलेली असते किंवा टर्मिनलवर हिरवा कीट चढलेला असतो. आणि स्क्रीन कोरा असून थर्मोस्टॅट सेलवर चालणारा असेल तर आधी सेल बदलून पाहा.

मेकॅनिक आला की बोर्ड काढू देण्याआधी मीटर दाखवायला सांगा. बोर्डावर आर आणि सीमध्ये २४ व्होल्ट येतात का? येत नसतील तर फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मर, आणि ट्रे स्विच असेल तर तोही. बोर्डावर येतात पण भिंतीवर येत नाहीत, तर केबल. दोन्हीकडे येतात आणि तरी स्क्रीन कोरा, तर थर्मोस्टॅट. आरला जी जोडली की पंखा फिरायला हवा, वाय जोडली की कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर टक् करून ओढायला हवा. त्याला काही मिनिटं लागू शकतात, कॉम्प्रेसर लगेच सुरू होऊ नये म्हणून बोर्डात तशी सोय असते. पाच मिनिटांच्या या तपासाला जो नाही म्हणतो त्याला दारातूनच परत पाठवा. ही तपासणी स्वतः मात्र करू नका. त्याच डब्यात २३० व्होल्टही असतात आणि बाहेरच्या युनिटमधला वीज साठवणारा कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतो.

बदललेला जुना भाग आपल्याकडेच ठेवून घ्या. वॉरंटीत बदलून मिळाला असेल तर कंपनी तो नेते, पण रोख पैसे मोजून घेतलेल्या भागाचा जुना तुकडा तुमचा. काढण्याआधी मोबाइलवर त्याचा आणि सिरीयल नंबरचा फोटो काढा. कंपनीचा नंबर नेटवर शोधू नका, वॉरंटी कार्डावर आणि मशीनच्या स्टिकरवर छापलेला असतो. आम्ही त्या स्टिकरवरच्या नंबरला नंतर फोन केला, तेव्हा कळलं की आमच्या पत्त्यावर त्यांच्याकडे कुठलीच तक्रार नोंदलेली नव्हती.

त्या दोघांना फोन केला तर आधी “बघतो मॅडम”, मग नंबर ब्लॉक. आम्ही यूपीआयच्या पावत्या, टेपचे फोटो आणि लाल तार घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. खोट्या कस्टमर केअर नंबरवरून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला शक्य तितक्या लवकर फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. म्हापसा, पर्वरी भागात कुणाला असेच दोघे भेटले असतील तर तुमच्याही पावत्या काढून ठेवा आणि तक्रार द्या. एकाच खात्यावर गेलेले पैसे चारजणांनी दाखवले तर पोलिसांना ते खातं धरणं सोपं जाईल.