घोटी-भंडारदरा-घाटघरच्या पावसात घासून काढलेला टू-पीस रेनसूट, सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगतो, नाशिकमध्ये राहता आणि पावसाळ्यात बाईकवर बाहेर पडता तर असा एक रेनसूट घ्याच, पैसे वसूल होतात. फक्त कुठला घ्यायचा आणि दुकानात काय बघून घ्यायचा ते कळलं पाहिजे, त्यासाठीच एवढं लांबलचक लिहितोय. माझा सूट मेन रोडच्या बाजूच्या एका दुकानातून १८०० ला घेतलाय. जॅकेट आणि पॅन्ट वेगळी, कापड पॉलिस्टरचं, आतून पीयू कोटिंग म्हणजे पाणी अडवणारा प्लास्टिकसारखा पातळ थर, शिलाईवर आतून टेप. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण त्याच दुकानात सेम कापड सेम चेन वेगळ्या लेबलनी लटकलेलं बघितलंय, त्यामुळे लेबल बघून घेण्यात काही अर्थ नाही, माल बघून घ्या.

आता एवढं काय त्या रेनसूटचं, असं वाटेल. पण आपल्या जिल्ह्याचा पाऊस बघा ना. इगतपुरीकडं वर्षाला ३००० मिमीच्या वर पडतो, नाशिक शहरात त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास आणि सिन्नर तर दुष्काळी पट्टाच. ढग येतात समुद्राकडून, सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होऊन घाटमाथ्यावर ओततात आणि पूर्वेला सरकेपर्यंत रिकामे होतात. म्हणजे पेट्रोलच्या एका टाकीत तुम्ही धो धो पाऊस, धुकं, कोरडा वारा, चटका देणारं ऊन सगळं पार करता. म्हणून माझ्या हिशोबानं आपल्याकडच्या सूटला दोन गोष्टी जमल्याच पाहिजेत, एक म्हणजे पाणी अडवणं आणि दुसरं म्हणजे रस्त्याच्या कडेला उभं राहून पटकन घालता-काढता येणं. दुसऱ्या गोष्टीकडं दुकानात कोणी बघतच नाही आणि खरा घोळ तिथंच होतो.

ऑगस्टमधला रविवार, आम्ही चौघं, मी, समाधान, निलेश आणि पप्या. पाथर्डी फाट्यावर सकाळी सहाला जमलो तेव्हा रस्ता कोरडा खटखटीत. निलेश म्हणे आज उघडीप आहे भो, बॅगेतच राहू द्या. विल्होळी सोडलं आणि भुरभुर चालू झाली, वाडीवऱ्हेच्या पुढं तर असा आला की समोरच्या ट्रकचा फक्त लाल दिवा दिसत होता. पुलाखाली गाड्या घेतल्या. माझ्या पॅन्टला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चेन आहे आणि चेनच्या आत कापडाची घडी, त्यामुळे बूट न काढता पाय सरळ आत जातो, दोन मिनिटांत जॅकेटसकट तयार. पप्याच्या पॅन्टला खाली नुसतं इलॅस्टिक, त्याला एका पायावर उभं राहून बूट काढावे लागले, मोजा गेला चिखलात आणि पुढचा सगळा दिवस त्यानं ओल्या मोज्यावर काढला. तर पहिली गोष्ट ही, दुकानात बूट घालून जा आणि बुटासकट पॅन्ट घालून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

घोटीवरून कोल्हार रस्त्याला लागलो की डाव्या-उजव्या हाताला नुसती भातखाचरं, उजवीकडं अलंग-मदन-कुलंग हे किल्ले असतात पण त्या दिवशी ढगात काही म्हणजे काही दिसलं नाही. बारी गावाच्या अलीकडं समाधानची गाडी मागून डुलायला लागली. पंक्चर. त्याच्या गाडीला स्पोकची चाकं म्हणजे आत ट्यूब, आमच्याकडचं स्ट्रिपवालं टूलकिट त्याला काही कामाचं नाही, ते फक्त ट्यूबलेसला चालतं. ट्यूबवाल्याला चाक खोलायचं, टायर लिव्हर मारून टायर एका बाजूनं उतरवायचा, ट्यूब बाहेर काढून चिकटवायची किंवा बदलायची. निलेश पप्याच्या मागं बसून चाक घेऊन पंक्चरवाल्याकडं गेला आणि मी आणि समाधान गाडीपाशी, तासभर तरी उभे असू, आडोसा काहीच नाही, पाऊस एका सेकंदासाठी थांबला नाही.

ही खरी टेस्ट झाली. कारण चालत्या गाडीवर पाऊस समोरून मारतो आणि उभ्या माणसावर वरून, खांद्यावर आणि मानेवर. खांद्याच्या शिलाईतून एक थेंब आत आला नाही. कॉलरमधून थोडं आलं, तेही हेल्मेट काढलं होतं म्हणून. टोपी आहे सूटला, पण टोपीचं एक सांगतो, हेल्मेटच्या आत ती घालू नका, हेल्मेट नीट बसत नाही आणि मान वळवताना अडते, आणि बाहेर मोकळी सोडली तर वाऱ्यानं फडफडते नाहीतर पाणी भरून मागं लोंबते. माझी टोपी कॉलरमध्ये गुंडाळून चेन लावता येते, हे बेस्ट आहे. पंक्चरवाल्या दादानं रविवार असून दुकान उघडं ठेवलं होतं, ट्यूबमधून खिळा नाही तर तुटलेला स्पोकचा तुकडा निघाला म्हणे, त्यानं आतून रिमची पट्टी पण नीट बसवून दिली आणि पैसे अगदी वाजवी घेतले. असली माणसं रस्त्यावर आहेत म्हणून राईड होतात.

आता शिलाईबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक सूट तिथंच मार खातात. कापड वॉटरप्रूफ असतं हो, स्वस्तातल्या सूटचं पण असतं. पण शिवताना सुईनं जी भोकं पडतात त्यातून पाणी आत येतं, म्हणून आतल्या बाजूनं गरम करून टेप चिकटवतात. जॅकेट उलटं करून बघा, प्रत्येक शिलाईवर सलग चकचकीत पट्टी दिसली पाहिजे, बगलेत आणि कॉलरच्या जोडावर पण. आणि पॅन्टमध्ये बुडाखाली जिथं चार शिलाया एकत्र येतात ती जागा तर बोटानं चाचपून बघा. बसल्यावर मांड्यांच्या मध्ये पाण्याचं तळं होतं, त्यावर आपलं वजन आणि सीटचा दाब, पाणी ढकललं जातं आत. टॅगवर ५००० मिमी, १०००० मिमी असलं काय काय लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड सहन करतं, पण तो आकडा कापडाचा आहे, शिलाईचा नाही. माझ्या पॅन्टमध्ये त्या जागी चौकोनी जोड दिलाय, म्हणजे चार शिलाया एका बिंदूत येतच नाहीत. दिवसभरात तिथून पाणी आलं नाही, निलेशच्या पॅन्टमधून मात्र बारीपर्यंतच आलं होतं आणि ओल्या जीन्सवर बसून गाडी चालवणं किती त्रासाचं आहे ते ज्यानं केलंय त्यालाच माहिती.

भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावात पोचून चहा आणि गरम कांदाभजी झाली. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पूर्ण झालं, अजून दणकट उभं आहे, भरलं की खाली अंब्रेला फॉल म्हणजे छत्रीसारखा पडणारा धबधबा चालू होतो आणि त्या दिवशी तो पूर्ण भरात होता. तिथं तुषारातच माणूस भिजतो पण आमचं तर आधीच सगळं चढवलेलं होतं, अगदी जवळ जाऊन मनसोक्त बघितलं.

मग मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर. घाटघरच्या बाजूला पाऊस किती पडतो ते सांगायला नको, पण मला जास्त धास्ती धुक्याची वाटली. वीस फुटांपुढचं दिसत नव्हतं. इथं रंगाचं महत्त्व कळलं. समाधानचा सूट काळा, तो पुढं गेला की गायब, नुसता टेललाईट. माझा सूट पोपटी-पिवळा, पाठीवर आणि बाहीवर रिफ्लेक्टरची पट्टी, मागच्यांना मी लांबून दिसत होतो म्हणून शेवटी मीच सगळ्यात मागं थांबलो, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला आमचा ग्रुप दिसेल. काळा रंग मळत नाही म्हणून लोक घेतात, प्लीज नका घेऊ. व्हायझरवर, म्हणजे हेल्मेटच्या काचेवर, आतून वाफ धरत होती त्याला मात्र रेनसूट काही करू शकत नाही, पिनलॉकची काच (वाफ धरू नये म्हणून व्हायझरच्या आतून लावायची दुसरी काच) नसेल तर व्हायझर बोटभर उघडा ठेवा.

उडदावण्याच्या पुढं एका वळणावर खाचरातला लाल चिखल ट्रॅक्टरनी रस्त्यावर आणलेला, तिथं निलेश घसरला. स्पीड काहीच नव्हता, त्याला लागलं नाही, क्लचची दांडी वाकली आणि सूटचा गुडघा फाटला. दांडी हळूहळू दाबून सरळ केली, एकदम जोर लावला की अल्युमिनियम तुटतं आणि तिथं दांडी मिळणार कुठं. गुडघ्याला माझ्या पाऊचमधली पॅचची चिकटपट्टी लावली. ही माझ्या सूटबरोबर आली होती, दोन तुकडे, आणि मला ती देणाऱ्या कंपनीबद्दल खरंच आदर वाटला. कापड पुसून कोरडं करून लावली तर धरते, निलेशची घरापर्यंत टिकली.

पप्याच्या पॅन्टचं वेगळंच झालं. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळापाशी उतरलो तर उजव्या पायाला जळका वास. मोकळी पॅन्ट सायलेन्सरला टेकली आणि वितळून तळहाताएवढं भोक, सायलेन्सरवर काळा डाग तो वेगळाच. हे सगळ्यात जास्त वेळा होतं, जवळपास प्रत्येक ग्रुपमध्ये कोणाचं ना कोणाचं झालेलं असतं. म्हणून घोट्यापाशी आवळायला वेल्क्रो पाहिजे आणि उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूनं उष्णता सोसणारं जाड कापड असेल तर फारच छान. माझ्याला वेल्क्रो आहे, जाड कापड नाही. इथं अर्धा मार्क कापतो.

परतीला मुद्दाम वेगळा रस्ता धरला, रंधा, राजूर, अकोले, संगमनेर, सिन्नर. राजूरला पेढे घेतले, ते घेतल्याशिवाय तिकडून यायचंच नाही असं आमच्यात ठरलेलं आहे. राजूरपर्यंत रिपरिप, अकोल्याला आभाळ उघडायला लागलं आणि संगमनेरच्या अलीकडं एकदम लख्ख ऊन. आणि इथं या सूटची मोठी तक्रार. हवा आरपार जात नाही. बगलेत जाळी आणि पाठीवर फ्लॅप आहे म्हणून दुकानदार सांगतो पण उन्हात पाच मिनिटांत आतला टी-शर्ट घामानं चिंब, म्हणजे पावसानं नाही भिजलात पण घामानं भिजलात. श्वास घेणारं, म्हणजे पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणारं मेम्ब्रेनचं कापड मिळतं, पण त्याची किंमत कैकपट जाते आणि आपल्या दमट हवेत त्याचाही म्हणावा तेवढा उपयोग होत नाही असं माझं मत. त्यापेक्षा ऊन आलं की थांबा, काढा, घडी करून पाऊचमध्ये टाका. पाऊच मात्र कंपनीनं थोडा मोठा द्यायला पाहिजे होता, ओला सूट त्यात कोंबताना जीव जातो. सिन्नरपर्यंत कोरडं, मोहदरी घाट उतरलो आणि शिंदे-पळसेला परत पाऊस, परत दोन मिनिटांत अंगावर. तेव्हा पटलं की पायाच्या त्या चेनसाठी दिलेला प्रत्येक रुपया योग्य जागी गेला.

ज्यांच्याकडं आधीच महागाचं रायडिंग जॅकेट आहे आणि त्यात वॉटरप्रूफ लायनर म्हणजे आतून लावायचं अस्तर आहे, ते विचारतात की मग हा कशाला. समाधानचं तसंच आहे. लायनर असतो आत, त्यामुळे आपण कोरडे राहतो पण बाहेरचं जाळीचं कापड आणि पॅड सगळं पाणी पितं, जॅकेट जड होतं आणि वाऱ्यानं थंडी भरते. शिवाय पाऊस आला की जॅकेट काढून आत लायनर लावायचा, तोपर्यंत भिजायचं ते भिजून झालं. जॅकेटच्या वरून रेनसूट हेच आपल्याकडं बरोबर आहे, आणि म्हणून साईज घेताना रायडिंग जॅकेट घालून ट्राय करा, मला एल बसतं पण मी एक्सएल घेतला. बसलेल्या पोझिशनमध्ये बघा, हात पुढं करून, बाही मनगटाच्या वर जाते का, पाठीमागून जॅकेट वर सरकतं का. ग्लोव्हजची कड बाहीच्या आत घाला म्हणजे पाणी ग्लोव्हजमध्ये उतरत नाही.

आल्यावर एवढं करा, साध्या पाण्यानं चिखल काढा, आतली बाजू बाहेर काढून सावलीत टांगून वाळवा, नंतर बाहेरची बाजू. मशीनमध्ये नाही, इस्त्री नाही, कडक उन्हात नाही, नाहीतर टेप सुटते. ओलाच घडी करून डिकीत ठेवला तर आतलं कोटिंग चिकट होऊन पापुद्रे निघतात, आणि मग लोक म्हणतात एका सीझनला गेला. पाचात चार देतो मी याला. दसऱ्यानंतर घेतला तर दुकानदार भावात नक्की खाली येतात, पण साईज उरलेली असेलच असं नाही, म्हणून एक्सएल किंवा त्याच्या वरचं पाहिजे असेल त्यांनी जूनच्या आधीच घेऊन ठेवा.