माचिसएवढं इंजिन: करंट रुळातून घ्यायचा की बॅटरीतून?

मॉडेल रेल्वेची गाडी रुळाच्या सांध्यावर आली की थांबते. बोटानं ढकलली की चालते, पुढच्या सांध्यावर पुन्हा तेच. पहिलं इंजिन किटमधून बांधलं तेव्हा मी पंधरा दिवस हेच करून राहिलो होतो, बायको म्हणे ही रेल्वे आहे की हातगाडी. आता माझ्याकडं रुळातून करंट घेणारं एक अन् बॅटरीवालं एक अशी दोन इंजिनं आहेत, तिसरं डीसीसीवर (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम द्यायची पद्धत) करायला घेतलं अन् त्यात एक डिकोडर, म्हणजे तो हुकूम समजणारी इंजिनातली चिप, जाळून बसलो. तर कोणी किट घ्यायचा विचार करून राहिलं असेल तर हे वाचून मग घ्या. बॉडी चिकटवायच्या आधी पॉवरचं ठरवा, नंतर आत बोट घालायलाही जागा राहत नाही.

पहिले स्केलचं बोलू. आपलं ब्रॉडगेज 1676 मिमी, ते 1:87 मध्ये म्हणजे एचओ स्केलमध्ये काढलं तर सव्वा एकोणीस मिमी येतं, अन् बाजारात रूळ मिळतो 16.5 मिमीचा, म्हणून आपली मोठी इंजिनं त्या रुळावर जरा पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसतात. पण नॅरोगेज 762 मिमी, भागिले 87, आलं 8.76. एन गेजचा रूळ 9 मिमीचा असतो. म्हणजे जवळपास बरोब्बर! ज्यानं लहानपणी नागपूरच्या इतवारीहून छिंदवाड्याची नाहीतर नागभीडची छोटी गाडी पाहिली (पहिली 2015 मध्ये बंद झाली, दुसरी 2019 मध्ये) त्याच्यासाठी याहून चांगला हिशोब नाही. नागपुरातच मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये एकदा जाऊन या, टेप घेऊन जा, खरं इंजिन किती बुटकं अन् रुंद असते ते हातानं मोजल्याशिवाय समजत नाही. छोटं चार चाकी शंटर, म्हणजे यार्डात डबे इकडंतिकडं करणारं इंजिन, घेतलं तर खरं पाच मीटरचं इंजिन या स्केलला साडेपाच-पावणेसहा सेंटीमीटर होतं, म्हणजे माचिसची पेटी. आता त्या पेटीत मोटर, गिअर, वजन अन् जमलं तर बॅटरी, एवढं सगळं कोंबायचं आहे.

रुळातून साधा डीसी, म्हणजे 12 व्होल्टपर्यंत. एक रूळ प्लस, एक मायनस, उलट केलं की गाडी उलटी. कंट्रोलर विकत घ्या नाहीतर 12 व्होल्ट 1 अँपिअरचा अडॅप्टर, एक पीडब्ल्यूएम मॉड्यूल (करंट झपाझप चालू-बंद करून वेग कमीजास्त करणारं) अन् दिशा बदलायला डबल पोल स्विच, सीताबर्डीवर मोदीच्या गल्ल्यांत एका चकरेत सगळं होतं. पॉलिफ्यूज, म्हणजे शॉर्ट झाला की करंट अडवून नंतर आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज, विसरू नका न भाऊ. गाडी घसरली की दोन रूळ शॉर्ट होतात, अन् घरात पडलेला 5 अँपिअरचा अडॅप्टर लावला असेल तर आतली केसासारखी वायर वास देते. अजून एक, मोटर कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) असेल तर कमी फ्रिक्वेन्सीचा पीडब्ल्यूएम तिला मानवत नाही, गरम होते.

यात डोकेदुखी एकच, चार चाकांतून करंट उचलणं. एक चाक प्लास्टिकच्या सांध्यावर आलं, दुसऱ्याखाली धूळ, संपलं. आपल्याकडं तर एप्रिलपासून कूलर चालू, कूलरसमोर लेआउट असला की दोन दिवसांत रुळावर बारीक थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं रूळ पुसायचा, चाकंही पुसायची, हे रोजचंच काम धरून चाला. माझं इंजिन सुधारलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्ट्या चारही चाकांच्या मागच्या बाजूला अलगद टेकवल्या, इतक्या अलगद की चाक बोटानं फिरवलं तर अडायला नको. दुसरं म्हणजे वजन. टायरवाल्याकडं व्हील बॅलन्सिंगचे चिकटवायचे तुकडे असतात, 5 ग्रॅमचे, तसे चार मागून आणले (त्यानं विचारलं कोणती गाडी, मी म्हटलं सांगून उपयोग नाही). वजन वाढलं, चाक रुळाला दाबून बसलं, अर्धं थांबणं तिथंच बंद झालं. उरलेलं अर्धं सांध्यावरचं, ते अजूनही अधूनमधून होतं.

बॅटरीवाल्याला हे काहीच नाही. रूळ घाण असो, सांधा प्लास्टिकचा असो, रूळ लाकडाचा असला तरी चालतं. मी एन20 गिअर मोटर वापरली, 12 बाय 10 मिमीची, छोट्या रोबोटवाल्या दुकानात मिळते, 6 व्होल्टची असली तरी एका लिथियम सेलच्या 3.7 व्होल्टवर शंटरला साजेशी हळू चालते. मोटर चालवायला डीआरव्ही8833 ड्रायव्हर चिप, वायफायवाला छोटा बोर्ड ईएसपी32, अन् मोबाईलवरून कंट्रोल. ऐकायला सोपं वाटते. पहिल्यांदा जेव्हा जेव्हा मोटर सुरू केली तेव्हा तेव्हा ईएसपी रीसेट होऊन राहिला, मला वाटलं प्रोग्रॅम चुकला, दोन रात्री कोड पाहत बसलो, अन् निघालं काय तर मोटर अन् वायफाय एकाच वेळी करंट ओढतात, व्होल्टेज खाली बसतं. 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, थांबलं. गंमत म्हणजे अशा छोट्या इंजिनात मोटरपेक्षा वायफायच जास्त करंट खाते.

सेल इंजिनात मावत नाही, हे आधीच सांगून देतो. 300 एमएएचचा सेल साधारण 30 बाय 20 मिमी, सहा मिमी जाड, अन् शंटरचं बॉनेट बाहेरून 17-18 मिमीच्या आसपास. मी सेल मागच्या बंद डब्यात टाकला अन् दोन बारीक वायरी कपलिंगखालून आणल्या. म्हणजे इंजिन डब्याशिवाय एकटं हलत नाही. काही लोकांना हे पटत नाही, मला चालते.

आता चार्जिंग, इथं मात्र लक्ष द्या. टीपी4056 या चार्जिंग चिपचं मॉड्यूल पन्नास रुपयांच्या आत मिळते अन् सगळे तेच सरळ जोडतात. त्यावर चार्जिंगचा करंट ठरवणारा जो छोटा रेझिस्टर असतो तो 1.2 किलोओहमचा येतो, त्यानं चार्जिंग होतं 1 अँपिअरनं. 300 एमएएचच्या पोराला 1 अँपिअर म्हणजे जबरदस्तीनं जेवू घालणं, माझा पहिला सेल असाच फुगला. हिशोब सोपा आहे, 1200 ला रेझिस्टरच्या ओहमनं भागा, उत्तर अँपिअरमध्ये येते. मी 1.2 काढून 10 किलोओहम लावला, सव्वाशे मिलीअँपिअरच्या जवळपास आलं, हळू होते पण सेल ठीक आहे. तो रेझिस्टर तिळाएवढा असतो, चिमटा अन् चांगला चष्मा लागेल. अन् लिथियम सेल साधारण 45 डिग्रीच्या वर चार्ज करायचा नसतो, आपल्याकडं मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या खोलीत काय असते ते तुम्हाला माहीत आहे. मी उन्हाळ्यात रात्री नऊनंतरच लावतो, अन् झोपायच्या आधी काढतो.

बॉडी कशाची यावरही बरंच ठरतं, अन् लोक हे बघतच नाहीत. पितळेच्या एच केलेल्या, म्हणजे रसायनानं कोरलेल्या, शीटचं किट दिसायला लाजवाब, सोल्डर करताना हात पोळले तरी मजा येते, वजन आपसूक मिळते, रुळातून करंट घ्यायला एकदम बरोबर. पण त्याच पितळी डब्यात वायफाय बंद करून टाकलं की मोबाईलला इंजिन सापडत नाही, अँटेना केबिनच्या खिडकीजवळ आणावी लागते. थ्रीडी प्रिंटचं रेझिन किट उलट, सिग्नल आरपार जातो, बॅटरीसाठी मस्त, पण हलकं फूल, अन् आतलं सगळं रिकामं शिशानं भरावं लागते. म्हणजे रेझिन घेऊन रुळातून करंट अन् पितळ घेऊन बॅटरी, या दोन्ही जोड्या स्वतःहून अंगावर घेतलेलं काम आहे. मी दोन्ही केल्या आहेत, म्हणून म्हणतो.

डीसीसीबद्दल थोडक्यात, कारण एका इंजिनासाठी मला ते पटत नाही. रुळावर कायम करंट, प्रत्येक इंजिनात डिकोडर, एकाच रुळावर दोन-चार इंजिनं वेगवेगळी चालवता येतात, दिवे अन् आवाज वेगळे. डिकोडर कीप अलाइव्हवाला (करंट तुटला तरी क्षणभर इंजिन चालू ठेवणारा) असला तर सांध्यावरचं थांबणंही जाते, हे खरं. पण कमांड स्टेशन (हुकूम पाठवणारा कंट्रोलर) अन् डिकोडर दोन्ही मिळून खर्च हजारांत जातो, अन् किटच्या चेसिसमध्ये मोटरचं एक टर्मिनल बरेचदा फ्रेमलाच टेकलेलं असते. लाल-काळी वायर रुळाकडून, नारिंगी-करडी मोटरला, अन् मोटर फ्रेमपासून पूर्ण वेगळी, मल्टीमीटरनं बीप वाजायला नको. मी मीटर लावायचा कंटाळा केला. एक सेकंद लागला डिकोडरला जायला, धूर पण नाही आला नीट.

तर पहिलंच किट असेल, हात बसायचा असेल, तर जपानी तयार मोटर चेसिस घ्या, त्यावर बसणारी बॉडी, अन् साधा डीसी. चेसिस घरी बनवायचा हट्ट दुसऱ्या इंजिनाला करा. लेआउट लहान असेल, टेबलावर नाहीतर खोक्यात मावणारा, घरात लहान पोरं हात लावणारी असतील, तर रेझिन अन् बॅटरी, पोरांना मोबाईलवरून चालवायला दिलं की त्यांना रूळ घाण आहे की नाही याच्याशी घेणंदेणं नसते. तीनच्या वर इंजिनं होणार हे आत्ताच माहीत असेल तरच डीसीसी. माझ्या तिसऱ्याचा नवा डिकोडर अजून मागवला नाही, तोवर ते साध्या डीसीवरच फिरून राहिलं आहे, अन् खरं सांगू का, काही अडून नाही राहिलं.