चॅपमन स्टिक घ्यायची आहे: लाकडाची की ॲल्युमिनियमची?

मागच्या जुलैत मी माझी लाकडी चॅपमन स्टिक, म्हणजे लांब पाटीवर तारा ताणलेलं इलेक्ट्रिक वाद्य, दापोलीला घेऊन गेलो होतो. पुण्यात निघायच्या आदल्या रात्री छान वाजत होती. तिथे तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली, डाव्या हाताने खर्जाच्या तारांवर नेहमीची साथ धरली आणि चौथ्या-पाचव्या पडद्यापाशी तार झर्रझर्र करायला लागली. तानपुऱ्याची जवारी आपण मुद्दाम काढून घेतो. इथे ती नको तिथे येऊन बसली होती. दमट हवेने पाटी किंचित मागे झुकली होती, म्हणून तार पडद्याला घासत होती. ॲलन कीने (षटकोनी चावीने) ट्रस रॉड, म्हणजे पाटीचा बाक ठरवणारी आतली सळई, पाव फेरा सैल केला, रात्रभर तसंच ठेवलं, दुसऱ्या दिवशी आवाज स्वच्छ. हे सगळं शेजारी बसून बघणाऱ्या मित्राच्या मुलाने विचारलं, "काका, धातूची घेतली असती तर हे झालंच नसतं ना?"

नसतं झालं. पण धातूची स्वतःची दुखणी असतात. मी लाकडी स्टिक सहा वर्षं वाजवतोय, आणि एका मित्राची ॲल्युमिनियमची स्टिक तो परदेशी असताना आठ महिने माझ्याकडे होती. या दोन्हींच्या अनुभवावर पुढचं लिहितो आहे. स्टिक म्हणजे थोड्या पैशांचा खेळ नाही, आपल्याकडे दुकानात जाऊन वाजवून बघायची सोय नाही, आणि एकदा मागवली की परत करणं महागात पडतं. निवड आधीच डोळसपणे व्हायला हवी.

ज्यांनी हे वाद्य फक्त व्हिडिओत पाहिलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. एमेट चॅपमन हे कॅलिफोर्नियातले जॅझ गिटारवादक. १९६९ मध्ये त्यांना दोन्ही हात पाटीवर समोरासमोरून आणून, छेडण्याऐवजी थेट पडद्यावर तार दाबून वाजवायची पद्धत सापडली, आणि त्या पद्धतीसाठी त्यांनी वाद्यच नवं बांधलं. १९७४ पासून ते विक्रीला आलं. गिटारसारखं धड नाही, नुसती लांब रुंद पाटी. नेहमीच्या दहा तारांच्या स्टिकवर पाच तारा सुरावटीच्या आणि पाच खर्जाच्या. सुरावटीच्या तारा सा-म अंतराने, खर्जाच्या सा-प अंतराने, आणि दोन्ही गटांतल्या सर्वांत खालच्या स्वराच्या तारा मधोमध. दोन्ही बाजूंचा आवाज वेगवेगळ्या वाहिनीतून बाहेर निघतो. कमरेच्या पट्ट्यात अडकवलेल्या आकड्यावर आणि खांद्याच्या पट्ट्यावर ती छातीपुढे उभी राहते. बेसवादक टोनी लेव्हिन यांनी १९८१ पासून किंग क्रिमसन या रॉक बँडमध्ये ती वाजवली आणि रॉक ऐकणाऱ्यांना तिचा आवाज कळला.

सुरुवातीच्या स्टिक आयर्नवुडच्या होत्या. पुढे १९८० च्या दशकात पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या साच्यातल्या आल्या, नंतर पुन्हा पडाऊक, रोझवूड, मेपल, बांबूचे थर अशी निरनिराळी लाकडं आली. ॲल्युमिनियमची 'रेलबोर्ड' ही त्यामानाने अलीकडची, २०१० नंतरची. तिच्यात पाटी आणि पडदे एकाच धातूतून कोरून काढलेले असतात. लाकडी स्टिकमध्ये पोलादी पडदे वेगळे बनवून लाकडात बसवतात. दोन्हींतला खरा फरक इथून सुरू होतो.

आवाज

सगळे आधी आवाजाबद्दल विचारतात. माझं मत विचाराल तर आवाजातला फरक खरा आहे, पण तुम्हाला वाटतो त्यापेक्षा लहान आहे. पिकअप तारेचं कंपन पकडतो, पाटीचं नाही. पाटी करते काय, तर तारेच्या कंपनातली थोडी ताकद स्वतः शोषते. लाकूड जास्त शोषतं, आणि सगळ्या स्वरांत सारखं शोषत नाही. त्यामुळे लाकडी पाटीवर एखाद-दुसरी जागा अशी असते जिथे स्वर लवकर विझतो. माझ्या स्टिकवर खर्जाच्या दुसऱ्या तारेच्या सातव्या पडद्यावर ही जागा आहे. मी त्या स्वरावर थांबत नाही, शेजारच्या अधिक खर्जाच्या तारेवर वर जाऊन तोच स्वर घेतो. ॲल्युमिनियमची पाटी ताठ असते. तिच्यावर सगळे स्वर जवळजवळ सारखे टिकतात, आणि बोट आपटल्याचा 'टक्' स्पष्ट, धारदार येतो.

हे वाचून धातूची श्रेष्ठ वाटेल. पण स्टिकवर तार आपोआप पूर्ण थांबत नाही. बोट उचललं की मोकळी तार आणि शेजारच्या तारा हळूच गुणगुणत राहतात. पाटी जितकी ताठ तितकी ही गुणगुण लांबते. ॲल्युमिनियमची स्टिक हातात आली तेव्हा पहिले दोन आठवडे माझं वाजवणं मला गढूळ ऐकू येत होतं. तारा तळहाताच्या कडेने दाबून ठेवायची शिस्त लाकडाने मला कधी लावलीच नव्हती, धातूने लावली. जो नव्याने शिकतोय त्याला ही शिस्त पहिल्या दिवसापासून लागली तर फायदाच आहे, फक्त सुरुवातीचे महिने कष्टाचे जातील.

उबदार, गोलसर, पियानोच्या मधल्या सप्तकासारखा आवाज हवा असेल तर लाकूड तो सहज देतं. पण तारांची जाडी, पिकअप आणि ॲम्प्लिफायर बदलून यातलं बरंचसं इकडून तिकडे नेता येतं. केवळ आवाजासाठी निवड करू नका.

हवा

आपल्याकडे निवड खरं तर इथे ठरते. हे वाद्य छेडायचं नसतं, तार नुसती दाबून बोलवायची असते. म्हणून तारा पडद्याच्या अगदी जवळ ठेवाव्या लागतात. गिटारवर तार केसभर वर-खाली झाली तर चालून जातं, स्टिकवर तेवढ्याने कुठे घासतं तर कुठे बोटाला जोर लागतो.

लाकडाचं वैर ओलाव्याशी. ते धाग्याच्या दिशेने फारसं वाढत नाही, आडवं फुगतं आणि आक्रसतं. मुंबईत किंवा कोकणात जूनमध्ये हवा एकदम जड होते; नागपूर-अकोल्याला मे महिन्यात ती करकरीत कोरडी असते. कोरड्या हवेत पाटी आडवी आक्रसते आणि पोलादी पडद्यांची टोकं कडेला हाताला टोचायला लागतात. वर्षातून दोनदा, पावसाच्या तोंडाशी आणि दिवाळीनंतर, मी माझी स्टिक मापून घेतो: पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबायची आणि मधोमध किती फट राहते ते बघायचं. पेटीत आर्द्रता नियंत्रणाची पाकिटं ठेवतो. काम अवघड नाही, पण ते करावंच लागतं.

ॲल्युमिनियमला ओलावा काही करत नाही. आठ महिन्यांत, पूर्ण पावसाळा धरून, मी त्या पाटीला हात लावला नाही. तिचं वैर तापमानाशी. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हिशोब सोपा आहे: ९० सेंटिमीटर लांबीवर २० अंशांचा फरक पडला तर पाटी आणि पोलादी तार यांच्या वाढीत साधारण ०.२ मिलिमीटरचा फरक येतो. ऐकायला क्षुल्लक, पण तेवढ्याने स्वर कानाला स्पष्ट खटकेल इतका सरकतो. एप्रिलमध्ये एकदा मी ती स्टिक दुपारभर गाडीत ठेवली आणि तशीच एसी लावलेल्या हॉलमध्ये नेली. पोचल्या पोचल्या लावली. पाच मिनिटांत तारा थंड होऊन चढल्या. मी उतरवून घेतल्या. मग पाटी हळूहळू निवाली आणि आक्रसली, आणि सगळं वाद्य खाली उतरलं. अर्ध्या तासात तीनदा लावावं लागलं, तेही तानपुरा चालू असताना. जे षड्ज धरून वाजवतात, भजनाच्या किंवा ख्यालाच्या साथीला बसतात, त्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. तोच अनुभव १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ट्रॅव्हिस बीन यांच्या ॲल्युमिनियम मानेच्या गिटार वाजवणाऱ्यांनाही येत असे: मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने तारांचे सूर हलायचे.

उपाय एकच. वाद्य कार्यक्रमाच्या जागी तासभर आधी न्या, पेटी उघडी ठेवा, मग लावा. घरी एकाच खोलीत वाजवत असाल तर हा त्रास जवळजवळ जाणवत नाही.

म्हणजे लाकूड ऋतूबरोबर बदलतं आणि धातू दिवसाच्या वेळेबरोबर. लाकडाची दुरुस्ती वर्षातून दोनदा पण थोडी कौशल्याची. धातूची रोजची पण फक्त खुंट्या पिळण्याची. ज्याच्या आसपास स्टिक हाताळलेला एकही कारागीर नाही, आणि महाराष्ट्रात तो सापडणं कठीणच आहे, त्याला दुसरी गोष्ट सोपी जाते.

हात, वजन, वीज

डिसेंबरात पुण्यात सकाळी सहाला रियाजाला बसलात तर ॲल्युमिनियमच्या पाटीमागे टेकलेला अंगठा गारठतो. ही तक्रार जुनी आहे. गिटार बनवणाऱ्या क्रेमर कंपनीने १९७० च्या दशकात आपल्या ॲल्युमिनियम मानांच्या मागे लाकडी पट्ट्या बसवल्या त्या याचसाठी. पाच-दहा मिनिटांत पाटी हाताची ऊब घेते, पण संधिवाताचा त्रास असलेल्यांनी हे मनावर घ्यावं. लाकडाला हात लावल्याबरोबर ते आपलं वाटतं, आणि हे कारण मी मुळीच लहान समजत नाही. रोज दोन तास ज्याला हात लावायचा, त्याचा स्पर्श आवडायला हवा.

ॲल्युमिनियम नेहमीच्या कठीण लाकडापेक्षा तिप्पट घन असतं. वाद्याचं एकूण वजन घडणीवर अवलंबून असतं, म्हणून मागवण्यापूर्वी विक्रेत्याला किलोत विचारून घ्या. पाठीचं दुखणं असेल तर एक किलोचाही फरक तासाभराने कळतो.

गणपतीच्या मांडवात किंवा जनरेटरवर वाजवणार असाल तर अर्थिंग आधी तपासून घ्या. हे कुठल्याही इलेक्ट्रिक वाद्याला लागू आहे, पण अख्खी पाटी धातूची असेल तर दोनदा तपासा.

आणि पडदे. स्टिकवर तार फार ओढत नाहीत, त्यामुळे झीज गिटारपेक्षा कमी. पण झिजलाच एखादा पडदा, तर लाकडातला बदलता येतो. पाटीतूनच कोरलेला पडदा सुटा करता येत नाही.

विकत घेताना

जुन्या बाजारात लाकडी स्टिक जास्त सापडतात, कारण त्या पन्नास वर्षं बनत आल्या आहेत. धातूच्या कमी, आणि त्यांची किंमतही फारशी पडत नाही. जुनी लाकडी घेत असाल तर पाटी सरळ करायची सोय तिच्यात आहे का, हे पहिलं विचारा. सगळ्या जुन्या स्टिकमध्ये ती असेलच असं धरू नका. ती नसलेली आणि वाकलेली पाटी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. रोझवूडची असेल तर कागदपत्रं मागा: २०१७ पासून या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली, २०१९ मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली, पण कस्टमच्या टेबलावर लाकडाचं नाव लिहिलेली पावती हातात असलेली बरी. ॲल्युमिनियमला हा प्रश्नच नाही. आयात शुल्क दोन्हींवर लागतं. ते धरूनच बजेट करा.

माझा सल्ला स्पष्ट आहे. मुंबई, कोकण, गोवा इथे राहत असाल, सतत प्रवास असेल, आणि ॲलन की हातात घ्यायची भीती वाटत असेल, तर ॲल्युमिनियमची घ्या. घरी एका जागी वाजवणार असाल, तानपुऱ्याबरोबर बसत असाल, किंवा नाजूक हाताने वाजवायची आवड असेल, तर लाकडाची. नव्याने शिकणाऱ्याला, राहण्याचं गाव कुठलंही असो, मी ॲल्युमिनियमकडे झुकवीन. वाद्य सतत सारखं राहिलं की चूक आपल्या बोटाची आहे की पाटीची, हा संशय उरत नाही, आणि पहिल्या वर्षात तो संशयच माणसाला वाद्यापासून दूर नेतो.

मित्र परत आला तेव्हा मी त्याची स्टिक त्याला दिली आणि माझी लाकडीच ठेवली. तिचा सातवा पडदा मला पाठ आहे, आणि संध्याकाळी तानपुरा लावला की ती हलत नाही. दापोलीच्या त्या मुलाने मात्र ॲल्युमिनियमची मागवली आहे. पावसाळ्यात तिच्यावर वाजवायला मी पुन्हा तिकडे जाणार आहे, माझी घेऊन.